दवाखाना गावाच्या हाती

(सावित्रीबाई फुले यांच्या स्मृतिदिनी, १० मार्च रोजी, टिटवाळा येथे भोवतालच्या गावांतून जमलेल्या स्त्रीपुरुषांपुढे एका प्राथमिक शिक्षकाने केलेले भाषण. शेतकरी व कारागीर घरांतून ते वाचले जावे म्हणून येथे देत आहो.)



मी डॉक्टर नाही, की वैद्य नाही. अध्यापक विद्यालयात दोन वर्षे काढून मराठी शाळेवर लागलेला मी एक मास्तर. तेव्हा दवाखान्यांविषयी मी काय बोलणार, असे कोणास वाटले तर त्यात नवल नाही. परंतु आजच्या विषयाचा सारा मुद्दाच हा आहे की, रोग आणि औषध ह्यांविषयी डॉक्टरांखेरीज इतरांनी बोलावे की नाही, शिकावे की नाही. म्हणून धिटाईने उभा राहिलो आहे.

आजचा दिवस आपण का पाळतो ते लहान मुलांनाही ठाऊक आहे. १८९७ साली पुण्यात प्लेगचा कहर होता. सावित्रीबाईंचे वय तेव्हा साठीच्या पुढे गेलेले. त्यांचा मुलगा डॉ. यशवंत ह्याला बोलावून घेऊन त्यांनी हडपसरच्या बाजूस ससाणे ह्यांच्या मळ्यात रोग्यांसाठी दवाखाना उघडला. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतला एक मुलगा प्लेगने पडला आहे असे कळताच बाई स्वतः गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. त्यातूनच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्यांचा अंत झाला.

आता ह्याच प्लेगची दुसरी हकीकत ऐका. त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे १८९६ च्या ऑक्टोबरात, मुंबईस आर्थर रोडच्या रोगी-दवाखान्यावर गिरणीतले हजारभर मजूर चालून गेले आणि त्यांनी मोडतोड केली. दवाखान्यावर हल्ला! अडाणी लोक, दुसरे काय, असे तेव्हाच्या शहाण्यांनी म्हटले. मला तसे म्हणवत नाही. ज्या घरातून आपला माणूस उचलून नेतात, पुढे त्याचे काय झाले ते सांगत नाहीत, तो मेला तर कोणी शिवला, कोणी धुतला, कोठे पुरला हे कळत नाही, त्या घराला गरीब माणूस दवाखाना म्हणत नाही. मळ्यातल्या त्या झोपड्यांकडे मात्र लोक येत. औषध दोन्हीकडे सारखेच, म्हणजे जवळजवळ नव्हतेच. प्लेगवर खरा उतारा तेव्हा कोणापाशीच नव्हता. फरक एवढाच की, मळ्यात रोग्याला उचलणारी बाई आपली होती.

हा फरक ध्यानात ठेवून पुढे चला.

आपल्या इलाख्यात मोठे दवाखाने झाले, ते मुख्यतः दात्यांच्या दानातून झाले, आणि त्या दात्यांचे उपकार नाकारणे कृतघ्नपणा होईल. जमशेटजी जिजीभाई ह्यांनी लाख रुपये देऊ केले व १८४५ साली भायखळ्याचे रुग्णालय सुरू झाले. आज टिटवाळ्याचा रोगी लोकलने तेथपर्यंत जातोच आहे. १८९४ साली मिरजेस वान्लेस नावाच्या मिशनरी डॉक्टराने इस्पितळ बांधले, आणि दक्षिणेकडच्या शेतकऱ्यांना शस्त्रक्रियेसाठी मिरज हे तीर्थ झाले. १९२६ साली परळला मुंबईच्या म्युनिसिपालिटीने केईएम उभारले. त्याला जोडलेल्या कॉलेजात शिकविणारे हिंदी डॉक्टरच असावेत, अशी देणगी देणाऱ्या गोवर्धनदास सुंदरदास ह्यांच्या विश्वस्तांची अट होती, हे आपल्या मुलांना मी मुद्दाम सांगतो. आपल्या ठाण्याच्या सिव्हिल हॉस्पिटलाला विठ्ठल सायन्ना ह्यांचे नाव आहे. हे गृहस्थ मुंबईत बांधकामाच्या धंद्यात वर आलेले तेलुगू कंत्राटदार. गवंडी-सुतारांनी आपल्या मुलांना हे नाव दाखवावे.

परंतु ह्या सर्व इमारतींची एकच रीत: रोगी चालत तेथे जाईल. जो चालू शकत नाही, ज्याच्यापाशी गाडीभाडे नाही, ज्याच्या घरी बाळंतपण रात्री दोनला अडते, त्याचे काय? शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरून बाळंतिणीला झोळीत घालून डांबरी सडकेपर्यंत आणतात, हे तुम्ही वर्तमानपत्रात वाचता. मी ते डोळ्यांनी पाहिले आहे. आणि एक गोष्ट मी कोणाला फारशी सांगत नाही, ती आज सांगतो.

नोकरीस लागलो तेव्हा माझी नेमणूक मुरबाडकडच्या डोंगराकाठी एका वाडीवर झाली. पहिला पाऊस पडून ओहोळ गढूळ झाला आणि दुसरीतल्या एका मुलाला हगवण लागली. सकाळी तो शाळेत आला होता. दुपारी त्याचा बाप मला बोलवायला आला. मास्तर शिकलेला, त्याला कळेल, हा त्याचा भरवसा. जाऊन पाहतो तो पोराचे डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी, आणि ते एकसारखे पाणी मागते आहे. आई म्हणाली, पाणी दिले की पुन्हा होते, म्हणून देत नाही. आणि मी, दोन वर्षे शिकून आलेला, काय म्हणालो? म्हणालो, बरोबर आहे, पोटाला विसावा द्या, दवाखान्यात न्या. झोळी केली. सडक लागायच्या आत पोर गेले.

पुढे काही दिवसांनी एका नर्सबाईने मला सहज विचारले, 'मीठ-साखरेचे पाणी पाजले होते का?' मी गप्प. हृदयाचे चार कप्पे मला काढता येत होते, पचनसंस्थेची आकृती मी फळ्यावर रंगीत खडूने काढीत असे. मीठ शाळेच्या खिचडीच्या सामानात होते, साखर माझ्या चहाच्या डब्यात होती. त्या घरात आणि त्या डब्यात पन्नास पावलांचे अंतर.

तेव्हापासून ह्या विषयाच्या मागे लागलो, आणि मागे लागता लागता मला जामखेड सापडले. आता त्याचीच हकीकत सांगतो.

जामखेड हा नगर जिल्ह्यातला, आता त्या जिल्ह्याला अहिल्यानगर म्हणतात, दुष्काळी तालुका. ज्वारीचा, ऊसतोडीला जाणाऱ्यांचा मुलूख. १९७० साली तेथे रजनीकांत आरोळे आणि मेबल आरोळे हे डॉक्टर जोडपे आले. रजनीकांत राहुरीचे, त्यांचे आईबाप शाळामास्तर होते, म्हणून मला त्यांचा थोडा अधिक अभिमान, एवढी लबाडी तुम्ही चालवून घ्याल. (हशा.) दोघे वेलोरच्या मेडिकल कॉलेजात शिकले. मग नेवासे तालुक्यात वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात चार वर्षे त्यांनी काम केले, आणि तेथे त्यांना एक गोष्ट डाचू लागली. बरे करून घरी पाठविलेले मूल पुन्हा त्याच रोगाने परत येई. विहीर तीच, उपास तोच, मग रोग तोच. दवाखाना म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणे झाले. दोघे अमेरिकेस जाऊन आणखी शिकले, आणि मोठ्या शहरातला मोठा पगार सोडून जामखेडला आले. गावच्या पुढाऱ्यांनी त्यांना जागा दिली ती गुरांच्या जुन्या दवाखान्याची. तेथून आरंभ.

आता पहिला डाव त्यांचाही फसला, आणि हे मी मुद्दाम सांगतो. कारण आपल्याकडे मोठ्या माणसांच्या चरित्रात फसलेले डाव गाळण्याची खोड आहे. त्यांनी शिकलेल्या नर्सबाया खेड्याखेड्यांत राहावयास धाडल्या. बाया तरुण, परक्या, शहरी वळणाच्या. त्यांना गावात करमेना, गावाला त्यांचा भरवसा वाटेना. पोषणाचा उपदेश करावा, तर सासवा म्हणत, हिला अजून मूल नाही, ही आम्हाला काय सांगते! तेव्हा गावकऱ्यांतूनच सूचना निघाली की, आमच्या गावातलीच एखादी बाई का शिकवीत नाही? तिला पोरेबाळे आहेत, तिला आमची भाषा येते, ती रात्री हाकेच्या अंतरावर आहे.

झाले! येथून जामखेडची खरी गोष्ट सुरू होते. गावाने निवडलेल्या बाया दर आठवड्याला जामखेडला येऊ लागल्या. त्यातल्या कितीतरी निरक्षर, कित्येक दलित समाजातल्या, काही विधवा, काही नवऱ्याने टाकलेल्या. ज्यांना गावच्या पंगतीत शेवटची जागा, त्या आता नाडी मोजणार, रक्तदाब पाहणार, गरोदर बाईच्या पोटावर हात ठेवून मूल आडवे आहे की सरळ ते सांगणार! पुष्कळांनी नाके मुरडली. लिहितावाचता न येणारी बाई औषध काय देणार? पण जिला दहा घरांच्या लग्नातला देण्याघेण्याचा हिशेब तोंडपाठ असतो, तिला वीस रोगांची लक्षणे पाठ होत नाहीत काय? झाली. लिहिता येत नव्हते, म्हणून त्या गाण्यांतून, गोष्टींतून, एकमेकींना विचारून शिकल्या.

रात्री त्या जामखेडलाच मुक्काम करीत. निरनिराळ्या जातींच्या बाया. आरंभी कोणी कोणाशेजारी निजावयास तयार नाही. तेव्हा आरोळ्यांनी एक भले मोठे पांघरूण शिवून घेतले, सर्वांना मिळून एकच. थंडीच्या दिवसांत दुसरा उपाय काय? बाया त्याखाली निजल्या. कीर्तनात शंभर वर्षे सांगितलेली समता एका पांघरुणाने साधली, असे मी म्हणणार नाही. पण मास्तराच्या धंद्यात मी जे पाहिले आहे त्यावरून सांगतो की, उपदेशापेक्षा बैठक बदलली की फरक लवकर पडतो.

पाण्याचेही तसेच. १९७२ चा दुष्काळ तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. जामखेडच्या गावांत विंधणविहिरी घ्यावयाच्या होत्या. त्या कोठे घ्याव्यात? आरोळ्यांनी खटपट करून कितीतरी ठिकाणी त्या दलित वस्तीत घेतल्या. ज्यांना गावच्या विहिरीवर चढता येत नव्हते, त्यांच्या दारात पंप आला, आणि पाण्यासाठी सारा गाव त्यांच्या दारी येऊ लागला. तरुण गड्यांसाठी व्हॉलीबॉल सुरू केला. त्यातूनच पुढे शेतकरी मंडळे झाली, बायांची महिला मंडळे झाली. कोणी म्हणेल, दवाखान्याचा आणि व्हॉलीबॉलचा काय संबंध? ज्या गावात दोन वस्त्या एकमेकींचे पाणी पीत नाहीत, त्या गावात साथ आली तर कोण कोणाला उचलील? सावित्रीबाईंनी ते मूल पाठीवर का घेतले, ते ह्या प्रश्नापाशी येऊन मिळते.

मग ह्या बायांनी केले तरी काय? फार साध्या गोष्टी. मूल लहान राहिले तर बाळंतपण सोपे जाईल, म्हणून गरोदर बाईला अर्धपोटी ठेवण्याची चाल होती, ती मोडली. आईचा पहिला चीक घाण म्हणून पिळून टाकीत, तो बाळाला पाजावयास लावला. नाळ विळ्याने न कापता उकळलेल्या पात्याने कापावयास शिकविले, आणि 'सटवी नेते' म्हणून आठव्या दिवशी दगावणारी मुले जगू लागली. ती सटवी म्हणजे धनुर्वात होता. महारोगाच्या माणसाला गावाबाहेर न घालविता घरीच गोळ्या दिल्या. हगवणीला मीठ-साखरेचे पाणी.

आरंभी, १९७१ साली, त्या गावांत जन्मलेल्या हजार बालकांतून १७६ बालके वर्षाच्या आत दगावत होती. पाचसहा वर्षांत हा आकडा ५२ वर आला, आणि शतक संपण्याच्या सुमारास २६ च्या आसपास. १७६ म्हणजे सहा पाळण्यांतला एक रिकामा. हा फरक मोठ्या यंत्रांनी केलेला नाही. जामखेडला पुढे चाळीस खाटांचे रुग्णालयही उभे राहिले, आणि ते पाहिजेच होते. अडलेले बाळंतपण, मोडलेले हाड, आतड्याला पडलेला पीळ, ह्यांना डॉक्टर आणि शस्त्र ह्यांवाचून गती नाही. परंतु तेथे ज्याला जावयाचे तोच वेळेवर जाऊ लागला, कारण गावातली बाई सांगू लागली की, हे माझ्या हातचे नाही, आता उठा.

ह्या बायांपैकी मुक्ताबाई पोळ १९८८ साली अमेरिकेत वॉशिंग्टनला मोठ्या सभेत बोलल्या. त्यांनी सांगितलेला आशय असा: सभागृहातली झुंबरे म्हणजे मोठी रुग्णालये, देखणी, महागडी, आणि उंच टांगलेली. आपण म्हणजे हातातली पणती. स्वस्त, साधी, पण एकीवरून दुसरी लावता येते. जामखेडची बाई आणि तो देश, विचार करा! आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले. मेबलबाई १९९९ साली गेल्या, रजनीकांत २०११ साली. काम त्यांच्या मुलांनी चालविले आहे.

आता मीठ-साखरेच्या पाण्याविषयी दोन शब्द, कारण पुष्कळांना ती आजीबाईची करामत वाटते. तसे नाही. आतड्याला नुसते मीठ शोषून घेता येत नाही असे हगवणीत होते, परंतु मिठाबरोबर साखर असली की दोन्ही शोषली जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणी. १९७१ साली बांगलादेशच्या लढाईत लाखो निर्वासित बंगालात आले, त्यांच्यात पटकी पसरली. बनगावच्या छावणीत शिरेतून देण्याचे सलाइन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनी पिंपांतून असे पाणी ठेवले आणि नातेवाइकांच्या हाती पेला दिला. जेथे शंभरातून तीसच्या घरात माणसे मरत होती, तेथे ती तीनचारवर आली. येथेही पाजणारा डॉक्टर नव्हता, आई होती, बाप होता.

हे सारे जगाला दिसले. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने काढलेल्या एका पुस्तकात जामखेडची हकीकत छापली गेली. १९७८ साली रशियाकडच्या अल्माआटा शहरात १३४ देश जमले आणि २००० सालापर्यंत सर्वांना आरोग्य, असा ठराव झाला. (ठरावाचे काय, तो करावयास पैसे पडत नाहीत.) आपल्या सरकारने त्याआधीच, १९७७ च्या गांधी जयंतीपासून, गावोगाव आरोग्यसेवक नेमण्याची योजना काढली. तीन महिन्यांचे शिक्षण, महिना ५० रुपये. नेमले कोण? बहुतेक ठिकाणी पुरुष. बाळंतपण आणि चीक आणि नाळ ह्यांसाठी पुरुष! योजना कागदावर पसरली आणि हळूहळू वाळून गेली. जामखेडची संख्या घेतली, मर्म सोडले.

गडचिरोलीत मात्र डॉ. अभय आणि राणी बंग ह्यांनी १९८६ पासून हे मर्म पुढे नेले. गावच्या बायांना नवजात बाळाचा श्वास, ताप, वजन पाहावयास शिकविले, आणि नवजात बालकांचे मृत्यू साठ टक्क्यांहून अधिक उतरल्याचे १९९९ साली विलायतेतल्या 'लॅन्सेट' ह्या डॉक्टरी पत्राने छापले. मग २००५ साली सरकारने पुन्हा योजना केली, आणि ह्या वेळी अट घातली की, कार्यकर्ती गावचीच बाई असावी. तीच आपली आशाताई. हजार वस्तीमागे एक, पाड्यांवर त्याहून कमी वस्तीला. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला, आणि २०२४ च्या आरंभी त्याच आशा मानधनासाठी मुंबईत आझाद मैदानावर उन्हात बसल्या होत्या. हिला पगारी नोकर म्हणत नाहीत, स्वयंसेविका म्हणतात. गरीब बाईच्या कामाला 'सेवा' म्हटले की मजुरी वाचते, ही युक्ती जुनीच आहे.

आता आपल्या घरी या. कागदावर आपल्याला काय कमी आहे? गोवेलीला ग्रामीण रुग्णालय, कल्याणास रुक्मिणीबाई, पुढे ठाणे, पुढे मुंबई. एका दारातून 'वरच्या दवाखान्यात न्या' म्हणून चिठ्ठी मिळते, तेथून आणखी वर. ह्या तक्रारी मी येथे उगाळीत नाही. त्यांसाठी अर्ज आहेत, आणि अर्ज लिहून पाहिजे असेल त्याने रविवारी माझ्याकडे यावे, मी पैसे घेत नाही. माझा प्रश्न दुसरा आहे. ह्या सभेत गावपंचायतींच्या हद्दीतले पुष्कळ लोक आहेत. तुमच्या गावात आरोग्य, पोषण, पाणी व स्वच्छता ह्यांसाठी एक ग्रामसमिती असते, तिच्याकडे वर्षाला दहा हजारांपर्यंत मोकळा निधी येण्याची तरतूद आहे. तिच्यात कोण आहे हे किती जणांना ठाऊक आहे? हात वर करा पाहू.

तीन हात. बरे.

म्युनिसिपल हद्दीत वस्तीवस्तीच्या महिला आरोग्य समितीची तरतूद आहे. मांडा-टिटवाळ्याच्या बायांनी चौकशी करावी. समितीच्या बैठकीला जावे, वही पाहावयास मागावी, निधी कोठे गेला विचारावे. पुरुषमंडळींनी बायकोच्या वतीने बोलू नये, तिला जाऊ द्यावे. अंगारकीला आपल्या स्टेशनापासून देवळापर्यंत माणसांची रांग लागते. त्या रांगेविषयी मला काही म्हणावयाचे नाही, ज्याची त्याची श्रद्धा. पण उन्हात चार तास उभे राहण्याची ताकद ज्या समाजात आहे, त्याला महिन्यातून एक तास ह्या बैठकीत बसणे जड नाही.

आणि एक काम आजच ठरवून टाकू. पावसाळ्याला अजून तीन महिने आहेत. येत्या गुरुवारी संध्याकाळी शाळेच्या पडवीत आशाताई पाणी करून दाखवितील. उकळून थांबविलेले एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त झाले तर अपाय होतो, म्हणून माप नीट समजून घेणे जरूर आहे. आणि चमचे घरोघर लहानमोठे असतात. तेव्हा प्रत्येकीने येताना आपल्या घरचा चहाचा चमचा बरोबर आणावा. मुलांनीही यावे. दुसरीच्या वर्गाला मी घेऊन येतो.